कागद कुणाच्या नावावर? मोडीवाचक गटाने फायली आणि चर्चेसाठी सेवा कशी निवडली

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोडीवाचक गटाचे, म्हणजे जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी वाचणाऱ्या हौशी मंडळींचे आहे. माणसांचे, गावांचे आणि घराण्यांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि का झाले, तेवढे जसेच्या तसे ठेवले आहे. मी या गटाचा सभासद नाही. सेवा निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी बाहेरच्या माणसाचे मत विचारले, त्यामुळे बराचसा प्रकार जवळून पाहता आला.

गटाचे काम सांगायला सोपे आहे. कुणाच्या माडीवर, कुणाच्या देवघरामागच्या पेटीत रुमालात बांधलेले जुने कागद सापडतात. त्यांचे स्कॅन गटात येतात, ज्याला जमेल तो देवनागरीत लिप्यंतर करतो आणि अडलेल्या शब्दावर बाकीचे तुटून पडतात. सभासदांत निवृत्त शिक्षक जास्त. त्याशिवाय दोन वकील, महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून, पुण्यातले तीन-चार संगणक अभियंते, तंजावरचे एक मराठी गृहस्थ आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेले एक डॉक्टर. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे, त्यामुळे त्या गृहस्थांच्या मताला गटात वजन आहे.

सुरुवात याहू ग्रुप्सवर झाली. चर्चा ई-मेलने व्हायची, फायली तिथल्याच फायलींच्या कप्प्यात राहायच्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूने जाहीर केले की साठवलेला मजकूर काढून टाकला जाईल. आधीची मुदत १४ डिसेंबर २०१९ होती, ती पुढे ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढली, आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ही सेवा पूर्ण बंद झाली. मुदतीत दोघा-तिघांनी आपापल्यापरीने जमेल तेवढे उतरवून घेतले. स्कॅन बरेचसे वाचले, पण कोणता शब्द का तसा वाचायचा याच्या कित्येक वर्षांच्या चर्चा गेल्या. मोडी शिकणाऱ्याला नुसत्या लिप्यंतरापेक्षा या चर्चाच जास्त उपयोगी पडतात.

त्यानंतर विचार करून काही ठरले नाही, आपोआप घडत गेले. चर्चा व्हॉट्सॲपवर आली आणि स्कॅन एका निवृत्त शिक्षकांच्या खासगी गूगल ड्राइव्हवर. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांकडे चांगला स्कॅनर होता, वेळ होता आणि हौस होती. कुणी कागद आणून दिले की अण्णा स्कॅन करणार, फोल्डरमध्ये टाकणार आणि लिंक गटात देणार. वेगळी व्यवस्था हवी असे कुणाला वाटायचे कारणच नव्हते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जुन्या नोंदी मोडीतही असल्याने मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. गटात येऊ पाहणाऱ्यांची रीघ लागली. हे नवे सभासद तरुण होते. बहुतेकांकडे लॅपटॉप नव्हता, सगळे काम फोनवर. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

अडचण

तीन गोष्टी काही महिन्यांच्या आत घडल्या.

पहिली म्हणजे अण्णा गेले. ड्राइव्हवरच्या सामायिक फोल्डरमध्ये दुसऱ्यांना फायली दिसतात, म्हणून त्या सगळ्यांच्या आहेत असा समज होतो. खासगी खात्यावर मालकी फाइल चढवणाऱ्याची राहते. जागाही त्याच्याच १५ जीबीतून जाते आणि खाते गेले की फायलीही जातात. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले खासगी खाते काढून टाकले जाऊ शकते. हे धोरण मे २०२३ मध्ये जाहीर झाले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून अमलात आले. पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नव्हता. बरीच फोल्डरे अण्णांनी अजून कुणाला दाखवलीच नव्हती. आधी नीट लावायची, मग लिंक द्यायची, अशी त्यांची पद्धत. म्हणजे आत काय आहे हेसुद्धा नक्की माहीत नाही आणि घड्याळ मात्र सुरू झालेले.

दुसरी गोष्ट वाचनातली. एका महजराच्या, म्हणजे जुन्या निवाडापत्राच्या, तारखेवरून व्हॉट्सॲपवर जुंपली. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतले अरबी संख्याशब्दांतले वर्ष, अक्षरांत लिहिलेले होते: इहिदे (एक), मग एक शब्द, मग मया (शंभर) व अलफ (हजार). तो मधला शब्द काहींनी ‘तिसैन’ वाचला, काहींनी ‘सितैन’. तिसैन म्हणजे नव्वद, सितैन म्हणजे साठ. एका वाचनाने सन ११९१, म्हणजे इसवी सन १७९०-९१. दुसऱ्याने ११६१, म्हणजे १७६०-६१, ऐन पानिपतचे वर्ष. स आणि त यांची नुसती अदलाबदल, आणि नानासाहेब पेशव्यांच्या अखेरच्या दिवसांतला कागद सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जाऊन बसतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते. त्यात बोरूचे बारीक वळण पुसट होते आणि नेमके तेच वळण इथे हवे होते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ दर्जा राहतो, पण तसे पाठवणारे दोघेच. मूळ स्कॅन मागितला तर तो अण्णांच्या ड्राइव्हवर. तोवर ‘तिसैन’ धरून केलेले लिप्यंतर तीन गटांत पुढे गेले होते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक. एका घराण्याने इनामाचे कागद वाचायला दिले होते. त्याच जमिनीवर त्यांचा भाऊबंदांशी दावा चालू होता. फोल्डरची परवानगी ‘लिंक असणाऱ्या कुणालाही’ अशी होती. लिंक गटात आली, गटातून पुढे गेली आणि फिरत फिरत समोरच्या पक्षाच्या वकिलांपर्यंत पोचली. कागद देणारे गृहस्थ गटातल्या वकीलसाहेबांच्या घरी आले. ते चिडले नाहीत, एवढेच म्हणाले, “साहेब, विश्वासाने दिलं होतं.” कायद्याने पुढे काय झाले तो या लेखाचा विषय नाही. त्या दिवसानंतर कागद द्यायला लोक का कू करू लागले आणि गटाच्या मुळावरच घाव बसला.

गरज नेमकी काय होती

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या ॲपचे नाव घेतले. हे नेहमीचेच. दुसऱ्या बैठकीत महसूल खात्यातल्या काकांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, “नावं मागाहून. आधी आपल्याला काय हवंय ते लिहा.” त्यातून जे निघाले ते असे.

स्कॅन मूळ दर्जाचा राहिला पाहिजे. ए-फोर पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केले तर न दाबलेली फाइल साधारण २६ एमबी होते, ६०० डीपीआयला शंभरच्या पुढे. वर्षाला हजारभर पाने धरली तर २६ जीबी लागतात. मोफत खात्याच्या १५ जीबीत हा संसार बसत नाही.

चर्चा कागदागणिक वेगळी राहिली पाहिजे आणि पाच वर्षांनी सापडली पाहिजे. मोडीला युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंचात २०१४ साली जागा मिळाली, पण स्कॅन हे शेवटी चित्रच. शोध घ्यायचा तो देवनागरी लिप्यंतरात आणि त्याभोवतीच्या चर्चेत.

कागद तीन प्रकारचे असतील: सर्वांना खुले, फक्त सभासदांना दिसणारे आणि ठरलेल्या दोन-तीन वाचकांपुरते. सत्तरीच्या माणसाला नवे ॲप न शिकता भाग घेता आला पाहिजे. सगळे काही एका माणसाच्या नावावर असता कामा नये. आणि बाहेर पडायचे ठरले तर सगळा ऐवज घेऊन बाहेर पडता आले पाहिजे.

शेवटचे दोन मुद्दे यादीत सर्वांत खाली होते. माझे मत विचारले तेव्हा मी ते सर्वांत वर घ्यायला सांगितले आणि त्यावर बराच वाद झाला. अभियंत्यांना शोधाची सोय आधी हवी होती, शिक्षकांना सोपेपणा. माझे म्हणणे एवढेच होते की शोध कच्चा असला तर त्रास होतो, मालकी कच्ची असली तर दप्तरच जाते. याहूच्या वेळचे सभासद या बाजूला आले आणि पारडे फिरले.

पर्याय

व्हॉट्सॲपच नीट वापरू, हा पहिला सूर. त्यात तथ्य होते: सगळे आधीच तिथे, शिकायचे काही नाही, डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते. पण चर्चा एकाच प्रवाहात वाहते. सकाळच्या शुभेच्छा, कुणाचे अभिनंदन आणि त्यामध्ये एका शब्दावरचा मोलाचा खुलासा. नव्या सभासदाला त्या वेळी आधीचे काही दिसत नसे. फायली ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. टेलिग्रामवर नव्या माणसाला जुने संदेश दिसतात आणि विषयवार कप्पेही करता येतात, पण कागदागणिक परवानगीचा प्रश्न तिथे सुटत नव्हता. स्लॅक कुणीतरी सुचवले. मोफत योजनेत फक्त ९० दिवसांचा इतिहास दिसतो हे कळल्यावर अडीचशे वर्षांपूर्वीच्या कागदांवर काम करणारी मंडळी हसली आणि विषय संपला.

स्वतःचा सर्व्हर हा पर्याय मोहात पाडणारा होता. चर्चेसाठी डिस्कोर्स, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्हींत परवानग्या बारकाईने ठरवता येतात, आणि महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घेतला की सगळे आपल्या ताब्यात. गटातल्या एका तरुण अभियंत्याने दोन रविवारांत नमुना उभा करून दाखवला. नमुना सगळ्या पर्यायांत उजवा होता. मग त्यानेच विचारले, “सर, मी चालवीन. पण उद्या माझी नोकरी बदलली आणि सर्व्हर बंद पडला, तर फोन कुणाला कराल? अद्ययावत करायचं राहिलं आणि कुणी आत घुसलं तर?” यावर कुणाकडे उत्तर नव्हते. अण्णांच्या जागी हा मुलगा आला असता, एवढाच फरक. स्वतःच बांधलेली गोष्ट नाकारायला त्याने स्वतःच मदत केली. हे सहसा पाहायला मिळत नाही.

झोहोचाही विचार झाला. चेन्नईची कंपनी, बिल रुपयांत, डेटा केंद्रे भारतात. खासगी कागदांच्या दृष्टीने हे पटणारे होते. पण सभासदागणिक पैसे मोजायचे म्हटल्यावर वर्षातून दोनदा डोकावणाऱ्यांचाही हप्ता भरावा लागणार होता.

उरले दोन. एक, गूगल वर्कस्पेसची ना-नफा संस्थांसाठीची योजना. पात्र नोंदणीकृत संस्थेला ती मोफत मिळते आणि तिच्यातल्या सामायिक ड्राइव्हवर फायली व्यक्तीच्या न राहता संस्थेच्या होतात. चढवणारा माणूस गेला, सोडून गेला, रुसला, तरी फाइल जागेवर. दुसरा ग्रुप्स डॉट आयओ, ई-मेलवर चालणारी गटसेवा. संदेश मेलने येतात, मेलनेच उत्तर देता येते, विषयाला खुणेचे शब्द लावता येतात आणि गटाच्या मालकाला सगळा संग्रह उतरवून घेता येतो. तिचे संस्थापक मार्क फ्लेचर यांनीच पूर्वी वनलिस्ट सुरू केले होते. ते ईग्रुप्समध्ये विलीन झाले आणि २००० साली याहूने ईग्रुप्स घेतले. म्हणजे फिरून त्याच घराण्याकडे. मोफत योजनेत १०० सभासद आणि १ जीबी एवढीच मर्यादा, त्यामुळे पैसे भरणे आले.

निर्णय

तोवर सगळे ‘एका छताखाली सगळे’ अशी सेवा शोधत होते. ती कल्पना सोडली आणि मार्ग मोकळा झाला. फायली एका ठिकाणी, चर्चा दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींना बांधणारा धागा म्हणजे नोंद क्रमांक. प्रत्येक कागदाला एकच क्रमांक द्यायचा. तोच फाइलच्या नावात, तोच मेलच्या विषयात, तोच सूचीच्या तक्त्यात. दोनपैकी एक सेवा उद्या बंद झाली तरी दुसऱ्या बाजूचा ऐवज निरुपयोगी होत नाही. जुन्या दप्तरखान्यात रुमालावर क्रमांक असायचा, तेच हे. ही कल्पना संगणकवाल्यांनी काढली नाही, महसूलवाल्या काकांनी काढली.

दोन्ही गूगलवरच ठेवायचे, कारण गूगल ग्रुप्सही आहेच आणि फुकट आहे, असा आग्रह होता. खर्चाच्या दृष्टीने तो बिनतोड होता. तरी सगळे एकाच कंपनीच्या एकाच खात्यावर अवलंबून ठेवायला याहूचा अनुभव घेतलेली मंडळी तयार होईनात. वार्षिक वर्गणी काढून चर्चेच्या सेवेचे पैसे भरायचे ठरले.

पण मोफत योजनेसाठी नोंदणीकृत संस्था लागते आणि गट कुठेच नोंदलेला नव्हता. स्वतःचा न्यास नोंदवायचा की आधीपासून असलेल्या संस्थेच्या छत्राखाली जायचे? न्यास म्हटला की विश्वस्त, दरवर्षी हिशेब तपासणी, धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज. हौशी मंडळींना हे झेपणारे नव्हते. जिल्ह्यातल्या एका जुन्या इतिहास संशोधन संस्थेने छत्र देऊ केले. इथे वकीलसाहेबांनी पाय रोवला. त्यांनी दोन पानी समजुतीचे पत्र करून घेतले: सामायिक ड्राइव्हवरचे स्कॅन संस्था गटाच्या वतीने सांभाळते, व्यवस्थापकाचे अधिकार संस्थेचा एक आणि गटाचे दोन अशा तिघांकडे राहतील, आणि गटाने मागितल्यास साठ दिवसांत पूर्ण प्रत द्यावी लागेल. संस्थेच्या चिटणिसांना थोडे लागले. “आमच्यावर विश्वास नाही का?” वकीलसाहेब म्हणाले, “तुमच्यावर आहे. तुमच्यानंतरच्या चिटणिसांची अजून ओळख नाही.”

पैसे भरण्याचा घोळ कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. हप्ता डॉलरमध्ये. खजिनदारांचे कार्ड नाकारले गेले. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डे फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू असतात, परदेशी व्यवहार मुद्दाम सुरू करून घ्यावे लागतात. न्यू जर्सीच्या डॉक्टरांनी लगेच मेल टाकली, मी भरतो, विषय संपवा. सगळ्यांना हायसे वाटले. पुन्हा वकीलसाहेबच आडवे आले. डॉक्टरांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. परदेशी योगदानाच्या २०१० च्या कायद्यात भारतीय पारपत्र असलेला अनिवासी भारतीय ‘परदेशी स्रोत’ ठरत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस ठरतो. छत्र देणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी नव्हती. संस्थेच्या खर्चाचा भार त्यांनी उचलला तर उद्या कुणी बोट ठेवू शकते. शिवाय खाते पुन्हा एका माणसाच्या कार्डावर टांगले गेले असते. अखेर संस्थेच्या खात्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घेतले. त्यासाठी दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या आणि बँकेत तीन खेपा लागल्या. त्या वेळी वकीलसाहेबांवर बरेच जण वैतागले होते. मला विचाराल तर या प्रकरणात त्यांचे दोन्ही अडथळे सर्वांत उपयोगी ठरले.

अंमलबजावणी

पैसे भरण्याआधी बाहेर पडण्याची चाचणी घेतली. पन्नास स्कॅन आणि शंभरेक संदेश प्रत्येक सेवेत टाकले आणि लगेच सगळे परत मागितले. चर्चेचा संग्रह एमबॉक्स या साच्यात मिळाला. थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये तो उघडला, देवनागरी शाबूत, धागे शाबूत. फायली झिपमधून आल्या, पण एका जुन्या लॅपटॉपवर उलगडताना देवनागरी नावांचा चुथडा झाला. ‘महजर मौजे अमुक’च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे. तेव्हाच ठरले की फाइलच्या नावात रोमन अक्षरे आणि आकडेच असतील: गावाची तीन अक्षरे, नोंद क्रमांक, पान क्रमांक. मराठी वर्णन सूचीत.

अण्णांच्या खात्याचे कोडे तर्काने सुटले नाही, नशिबाने सुटले. त्यांच्या मुलाने वडिलांचा फोन जपून ठेवला होता आणि नातेवाइकांचे फोन येतात म्हणून रिचार्जही करत राहिला होता. सिम चालू, फोनमध्ये खाते उघडेच. घरच्यांच्या संमतीने आणि त्यांच्या समोर बसून सगळा ऐवज उतरवून घेतला. सिम बंद पडून तो क्रमांक दुसऱ्याला गेला असता तर ओटीपीही मिळाला नसता. महजराचा मूळ स्कॅन त्यातच निघाला. ‘सितैन’. दोन अक्षरांच्या जोडाची गाठ मोठी केल्यावर शंका राहिली नाही. तंजावरच्या गृहस्थांनी पहिल्या दिवसापासून तेच म्हटले होते.

कागद देणाऱ्यांसाठी एक पानाचे संमतीपत्र केले: कागद कुणाचे, कोणत्या वर्गात ठेवायचे, संमती कधीही मागे घेता येईल का. ‘लिंक असणाऱ्या कुणालाही’ ही परवानगी संस्थेच्या पातळीवरच बंद केली. एखाद्याने आठवण ठेवावी यावर ते सोडले नाही.

परिणाम

पहिले दोन-तीन महिने चर्चा रोडावली. व्हॉट्सॲपवर दहा जण बोलायचे, मेलवर तिघे. नेटकेपणा गप्पांना मारक असतो, हे मान्यच करावे लागते. मग काकांनी युक्ती केली. व्हॉट्सॲप बंद केले नाही. तिथे फक्त नवा नोंद क्रमांक आणि अडलेल्या ओळीचा तुकडा टाकायचा, उत्तर मेलवर. व्हॉट्सॲपवर कुणी चांगला खुलासा केलाच तर एक सभासद तो उचलून त्या क्रमांकाच्या धाग्यात चिकटवते. हे काम कंटाळवाणे आहे, त्या ते नियमाने करतात, आणि व्यवस्था टिकली आहे ती सॉफ्टवेअरपेक्षा त्यांच्यामुळे.

ज्येष्ठ मंडळी मेलवर पटकन रुळली. टंकलेखन जड जाते म्हणून काही जण बोलून लिहितात. फोन ‘महजर’चा ‘मजूर’ करतो आणि इनामदारांच्या सनदेखाली मजुरांच्या सह्या येतात. विषयाच्या ओळीत क्रमांक ठेवायची सवय लागायला वेळ लागला. जुन्या मेलला उत्तर म्हणून नवाच विषय सुरू करण्याची खोड काहींची अजून गेलेली नाही.

शोध अपेक्षेपेक्षा कच्चा निघाला. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की रूप बदलते. ‘पाटील’ शोधले तर ‘पाटलाने’, ‘पाटलास’ हाती लागत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, त्यामुळे लिप्यंतरातही एकाच नावाची चार रूपे. उपाय म्हणून सूचीत गाव, व्यक्ती, कागदाचा प्रकार आणि सन यांची प्रमाण रूपे भरली जातात. मेहनत आहे, पण सेवा कोणतीही घेतली असती तरी ती चुकली नसती.

कागद पुन्हा येऊ लागले. संमतीपत्र दाखवले की लोक निदान ऐकून घेतात. ज्या घराण्याचे कागद बाहेर गेले, त्यांनी मात्र परत काही दिलेले नाही.

काय वेगळे करता आले असते

चाचणी घेणारे सगळे लॅपटॉपवाले होते. बैठका पुण्यात, चाचणी अभियंत्यांच्या घरी. २०२३ नंतर आलेले तरुण सभासद फोनवर काम करतात आणि त्यांना कुणी विचारलेच नाही. सामायिक ड्राइव्हवरची शंभर एमबीची फाइल मोबाइल डेटावर उघडणे म्हणजे शिक्षाच. हे लक्षात आल्यावर प्रत्येक पानाची वाचनापुरती हलकी प्रत वेगळी ठेवायला सुरुवात झाली, पण तोवर काही चांगले वाचक गळाले होते. चाचणी साध्या फोनवर, तालुक्याच्या गावी, संध्याकाळच्या वेळी घ्यायला हवी होती.

संमतीपत्र शेवटी आले, ते पहिले यायला हवे होते. सेवा कोणती हे ठरण्याआधी कागदांचे वर्ग ठरले असते, तर एक-दोन पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाले असते.

छत्र देणाऱ्या संस्थेशी बोलणेही उशिरा सुरू झाले. नोंदणी लागते हे योजनेच्या अटींत पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. ते आधी वाचले असते तर अण्णांच्या खात्यातला ऐवज तात्पुरता अभियंत्याच्या घरच्या हार्डडिस्कवर ठेवावा लागला नसता. तिथे तो बराच काळ होता आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

वार्षिक उतारा काढण्याचे काम मृग नक्षत्र लागेल त्या दिवसावर बांधले आहे. शुहूर सन त्याच दिवशी बदलते, त्यामुळे या मंडळींच्या ते लक्षात राहते. त्या दिवशी दोन्ही सेवांतून सगळे उतरवून दोन हार्डडिस्कवर घेतात, एक संस्थेत, एक वकीलसाहेबांकडे. या उताऱ्यामुळेच एक प्रश्न उभा राहिला आहे. एका घराण्याने अलीकडे संमती मागे घेतली. ड्राइव्हवरून कागद काढले, धागा बंद केला. पण गेल्या वर्षीच्या हार्डडिस्कवर ते आहेतच. तिथूनही काढायचे, की उतारा जसा काढला तसाच जपायचा? काका जपायच्या बाजूचे, वकीलसाहेब काढायच्या. पुढच्या बैठकीत हा विषय पहिला आहे.